आधी उठवा, मग बसवा

एका ऊर्जापातळीवर सरासरी उणे ०.२३ इलेक्ट्रॉन आहेत, असं उत्तर एमएस्सीच्या एका पेपराच्या मॉडेल अँसरमध्ये छापून आलं होतं, आणि कॅपला, म्हणजे केंद्रीय पेपरतपासणीला, बसलेल्या आम्हा परीक्षकांना त्याबरहुकूम मार्क द्यायचे होते. उणे इलेक्ट्रॉन! म्हणजे पातळीवर कुणी नाहीच, वर पाव इलेक्ट्रॉनची उधारी.

प्रश्न तसा साधा होता. केमिकल पोटेन्शियलपासून बरोबर केटीइतकी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) वर एक पातळी आहे. ग्रीन फंक्शन वापरून तिच्यावरची सरासरी इलेक्ट्रॉनसंख्या काढा. फर्मी-डिरॅक वितरण शिकलेला कुणीही कॅल्क्युलेटरवर सांगेल: २.७१८ मध्ये १ मिळवा, त्याने १ ला भागा, ०.२६९. ग्रीन फंक्शनच्या लांबच्या वाटेनेही हेच यायला हवं. एका मुलीने ते तसं आणलं होतं आणि बेरीज करताना कुठली काळजी घेतली, तेही एका ओळीत लिहिलं होतं. पण तिचं उत्तर कीशी जुळत नव्हतं. "मॅडम, कीप्रमाणे चला, गठ्ठे पडलेत," असं मला सांगण्यात आलं. मी लेखी हरकत दिली. त्या कागदाचं पुढे काय झालं, ते मला कुणी कळवलं नाही.

मी सांगलीत राहते. बरीच वर्षं एमएस्सीच्या मुलांना कंडेन्स्ड मॅटर आणि मेनी-बॉडी शिकवून निवृत्त झाले. हा काही वर्तमानपत्रात लिहायचा विषय नाही, असं घरातच ऐकून झालंय. मला तसं वाटत नाही. पेपर काढणाऱ्याचं चुकलं, हे मी समजू शकते. घाईत कुणाचंही चुकतं. पण ते उत्तर पेपर काढणाऱ्याच्या, मॉडरेशन करणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या नजरेखालून गेलं आणि कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही, हे मला पचत नाही. शिवाय ही चूक आकडेमोडीची नव्हती. एकाच क्षणी दोन गोष्टी घडायच्या असतील तर आधी कुठली, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे तो विचारायला शिकवत नाहीत. "तो संकेत आहे, पाठ करा," असं सांगतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो संकेत नाही.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं तासगाव, जत, कवठेमहांकाळहून एसटीने यायची, म्हणून मी उदाहरणही एसटीचंच घेत असे. खिडकीतून रुमाल टाकून धरतात ती एक जागा. तिच्यावर एकच माणूस बसणार. मांडीवर कुणी नाही, कडेला टेकून कुणी नाही. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हा पाउलींचा १९२५ सालचा नियम. या जागेवर आपल्याला दोनच कृती करता येतात, 'उठव' आणि 'बसव'. पुस्तकात यांना ऑपरेटर म्हणतात.

आता दोन्ही एकापाठोपाठ करून बघा. आधी उठव, मग बसव. जागेवर कुणी असेल तर तो उठतो, परत बसतो, सगळं होतं तसं, उत्तर १. जागा रिकामी असेल तर उठवायलाच कुणी नाही, काम तिथेच बारगळतं, उत्तर ०. म्हणजे ही जोडी 'कुणी आहे का?' असं विचारते. क्रम फिरवा: आधी बसव, मग उठव. जागा रिकामी असेल तर माणूस बसतो, उठतो, उत्तर १. भरलेली असेल तर दुसरा बसणार कुठे? उत्तर ०. ही जोडी 'जागा आहे का?' असं विचारते. कृती त्याच दोन, पण प्रश्न अगदी उलटे, आणि दोन्ही उत्तरांची बेरीज नेहमी १. (लिहिताना उजवीकडचा ऑपरेटर आधी काम करतो, त्यामुळे फळ्यावर सगळं उलटं दिसतं आणि पहिला आठवडा पोरं गोंधळतात. ते सोडून द्या.)

ग्रीन फंक्शन या दोन कृतींना घड्याळ लावतं. एका वेळी इलेक्ट्रॉन आत सोडा (म्हणजे बसवा), दुसऱ्या वेळी बाहेर काढा (म्हणजे उठवा), मधल्या काळात त्याचं काय झालं ते बघा. नाव नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन यांचं. पवनचक्कीवर दळण दळणारा हा माणूस. १८२८ साली त्याने वर्गणीदार जमवून विजेवर आणि चुंबकत्वावर एक निबंध छापला आणि केंब्रिजला शिकायला गेला तो चाळिशीला आल्यावर. त्याच्या हयातीत त्या निबंधाकडे जवळजवळ कुणी पाहिलं नाही. पुढे १८४५ मध्ये तरुण विल्यम टॉमसन यांच्या, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विन यांच्या हाती तो लागला. क्वांटम सिद्धांतात ग्रीनची रीत पक्की रुजवणाऱ्यांतले एक ज्युलियन श्विंगर. १९९३ साली ग्रीनच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा नॉटिंगहॅमला जाऊन त्यांनी भाषण दिलं. त्या भाषणाच्या नावात त्यांनी 'जॉर्ज आणि मी' असं घातलं होतं. नोबेल मिळालेल्या माणसाने गिरणीवाल्याशी इतकी सलगी दाखवावी, हे मला फार आवडतं.

तर नियम असा: ज्या कृतीची वेळ आधीची, ती आधी. सोडणं आधीचं असेल तर आधी सोडा, काढणं आधीचं असेल तर आधी काढा. याला टाइम ऑर्डरिंग म्हणतात. दोन वेळा वेगळ्या आहेत तोवर हा नियम ठणठणीत चालतो. दोन्ही वेळा एकच झाल्या की तो गप्प बसतो. आणि नेमकं त्याच ठिकाणी फंक्शन तुटलेलं असतं. आमच्या प्रश्नातल्या पातळीपुरतं सांगायचं तर काढणं केसभर आधी धरलं की किंमत ०.२६९ येते, बसवणं केसभर आधी धरलं की, व्याख्येतल्या उणे चिन्हासकट, उणे ०.७३१. मधे बरोबर १ ची दरी. दरी आहे तर असू दे, आपण दुसऱ्या वेळा बघू, असंही म्हणता येत नाही. किती इलेक्ट्रॉन आहेत, त्यांची ऊर्जा किती, प्रवाह किती वाहतोय, हे सगळं याच एका क्षणी विचारावं लागतं.

पुस्तकं यावर तोडगा देतात. फेटर आणि वालेका यांचं १९७१ चं जाडजूड पुस्तक घ्या, नाहीतर अब्रिकोसोव, गोरकोव आणि झ्यालोशिन्स्की या तिघांचं रशियन परंपरेतलं. दोन्हींत सांगितलंय की एकाच वेळेचं फंक्शन आलं की बसवण्याची वेळ अगदी किंचित पुढे ढकला. लिहिताना वेळेच्या डोक्यावर एक बारीक अधिक चिन्ह काढतात. ते चिन्ह इतकं बारीक असतं की नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये उडून जातं. मुलांच्या हातात पोचतो तो अधिक नसलेला फॉर्म्युला.

ते चिन्ह उडालं की काय होतं, ते कागदावर करून बघण्यासारखं आहे. तापमान शून्य नसताना ही गणितं करायची सोयीस्कर रीत जपानच्या ताकेओ मात्सुबारांनी १९५५ साली दिली. तीत ग्रीन फंक्शन ठरावीक फ्रीक्वेन्सींवर मिळतं आणि ते सगळे तुकडे मिळवायचे असतात. केटी म्हणजे १ असं एकक धरलं तर इलेक्ट्रॉनांसाठी या फ्रीक्वेन्सी पायच्या विषम पटी असतात: १, ३, ५, ७, अशा अधिक बाजूला आणि तशाच उणे बाजूला. अधिक-उण्याची जोडी लावली की आमच्या पातळीसाठी प्रत्येक जोडीचा वाटा येतो उणे २ भागिले (फ्रीक्वेन्सीचा वर्ग अधिक १). पायचा वर्ग ९.८७, त्यात १ मिळवून १०.८७, पहिली जोडी उणे ०.१८४०. तीन पायचा वर्ग ८८.८३, दुसरी जोडी उणे ०.०२२३. तिसरी उणे ०.००८१, चौथी उणे ०.००४१. चार जोड्यांतच उणे ०.२१८५ झाले. पुढची लांबलचक शेपटी मिळवत गेलं की बेरीज उणे ०.२३११ वर जाऊन थांबते. हेच ते मॉडेल अँसर.

यात एकही पायरी चुकलेली नाही, हेच तर त्यातलं मर्म. ०.२६८९ आणि उणे ०.७३११ यांच्या बरोबर मधोमध उणे ०.२३११ येतो. तुटलेल्या फंक्शनची फूरिये बेरीज तुटीच्या जागी दोन काठांच्या मध्यावर जाते, हे डिरिश्ले यांनी १८२९ साली सिद्ध करून ठेवलंय. 'कुणी आहे का' विचारताय की 'जागा आहे का', हे तुम्ही सांगितलं नाहीत. मग गणिताने दोघांचं निम्मं-निम्मं केलं आणि ते मोकळं झालं. संगणकाला लाख जोड्या द्या, कोटी द्या. दशांशचिन्हापुढचे आकडे वाढतील, उत्तर उणेच राहील. ज्यांना हे ठाऊक असतं ते प्रोग्रॅम लिहितानाच शेपटी वेगळी काढतात, तिची किंमत क्रम ठरवून हाताने घालतात, आणि ती किंमत भरते अर्धा. उणे ०.२३ मध्ये अर्धा मिळवा: ०.२७. त्या मुलीने लिहिलेली एक ओळ एवढ्याचसाठी होती.

"पण शेवटी तो संकेतच ना?" असं माझे एक सहकारी म्हणायचे. हुशार माणूस, नेट-सेटच्या मुलांना फुकट शिकवायचा, पण या मुद्द्यावर आमचं कधी जमलं नाही. त्यांचं म्हणणं, चिन्ह वर लावा नाहीतर खाली, जग काही बदलत नाही. मी त्यांना गॅलियम आर्सेनाइडची गोष्ट सांगत असे. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ, पण न टेकवता, धरतात आणि दोघांमध्ये थोडा व्होल्टेज देतात. नमुना ऋण ठेवला तर इलेक्ट्रॉन त्याच्यातून उठून सुईकडे जातात. धन ठेवला तर सुईतून येऊन त्याच्यावर बसतात. १९८७ साली फीन्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडचा एकच पृष्ठभाग दोन्ही तऱ्हांनी पाहिला. एका चित्रात आर्सेनिकचे अणू उजळले, दुसऱ्यात गॅलियमचे. कारण भरलेल्या जागा आर्सेनिकपाशी आणि रिकाम्या गॅलियमपाशी असतात. व्होल्टेजचं चिन्ह बदललं आणि चित्रातले अणूच बदलले. क्रम बदलायला जर हरकत नसती, तर ही दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली असती. सहकारी म्हणायचे, "ते प्रयोगाचं झालं." मी म्हणायचे, मग आपण दुसरं कशाचं शिकवतोय?

इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात तिथे हा क्रम आणखी नाजूक होतो. कूलंब बल आपण तत्क्षणी पोचणारं धरतो, म्हणून त्यात दोन उठव आणि दोन बसव, असे चारही ऑपरेटर एकाच वेळेचे असतात. ते 'उठव-बसव-उठव-बसव' असे लिहिले तर गाडीत एकटा प्रवासी असला तरी उत्तर शून्य येत नाही: त्यालाच उठवलं, बसवलं, पुन्हा त्यालाच उठवलं, बसवलं. म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन स्वतःलाच ढकलतोय, आणि त्याचं स्वतःपासूनचं अंतर शून्य असल्यामुळे ही ऊर्जा अनंत. 'उठव-उठव-बसव-बसव' असं लिहिलं की एकट्या प्रवाशाच्या बाबतीत दुसऱ्या उठवलाच काम थांबतं, आणि ती भानगड मुळातच उपटली जाते. सगळी पाठ्यपुस्तकं असंच लिहितात. पण मुलांना विचारा की असं का. शंभरातली नव्वद म्हणतील, 'फॉर्म्युला तसा आहे.' आणि हीच मुलं पुढे पीएचडीला जाऊन डीएफटीची (डेन्सिटी फंक्शनल थिअरीची) तयार सॉफ्टवेअर चालवतात. तिथल्या सोप्या आवृत्त्यांमध्ये इलेक्ट्रॉनाच्या या स्वतःशीच चाललेल्या ढकलाढकलीचा काही अंश शिल्लक राहतो. ती वजा करण्याचा एक मार्ग पर्ड्यू आणि झुंगर यांनी १९८१ साली दिला. ज्याला मूळ भानगड ठाऊक नाही तो वजाबाकीचा पर्याय मेन्यूत आहे म्हणून टिक करतो, किंवा करत नाही.

माझ्या बाजूने मी फारच ताणतेय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. निम्म्यावरचं उत्तर कधीकधी हवंही असतं. ग्राफीनमध्ये प्रत्येक कार्बनपाशी अशा दोन जागा असतात, एकेका स्पिनची एकेक, आणि ग्राफीनवर काही भार नसताना त्या सरासरीने अर्ध्या भरलेल्या असतात. तिथे 'अर्ध्यापेक्षा किती जास्त किंवा कमी' हाच सोयीचा प्रश्न. तो विचारला तर उणे ०.२३ हे चोख उत्तर आहे, आणि त्याचा अर्थही सरळ: तटस्थ स्थितीपेक्षा ०.२३ इलेक्ट्रॉन कमी. मापाचा शून्य कुठे ठेवायचा, एवढ्यापुरता माझ्या सहकाऱ्यांचा 'संकेत' मला कबूल आहे. पण तो आधी सांगावा लागतो. आमच्या पेपरात 'सरासरी इलेक्ट्रॉनसंख्या' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

क्रमाला महत्त्व आहे, हे क्वांटमच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. १९२५ च्या उन्हाळ्यात हायझेनबर्ग यांनी जे लिहिलं त्यातली गुणाकाराची विचित्र रीत माक्स बोर्न यांनी ओळखली: स्थान आणि संवेग यांचा गुणाकार कुठल्या क्रमाने करता त्यावर उत्तर बदलतं, आणि तो फरक ठरलेला असतो. ग्योटिंगेनला बोर्न यांच्या थडग्यावर तेच सूत्र कोरलेलं आहे. हेच बोर्न १९३५-३६ मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काही महिने येऊन राहिले होते. क्वांटम मेकॅनिक्सला शंभर वर्षं झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटमचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं. आपल्याकडेही भाषणं झाली, पोस्टर लागली, श्रोडिंगरचं मांजर गावोगाव फिरून आलं. त्याआधी १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली: ६००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्याच्या चार केंद्रांपैकी सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. या पैशाला माझा विरोध नाही, उलट उशीरच झाला म्हणेन. पण सेन्सिंग म्हणजे अखेर मोजणं. पवईत मोजायला जी मुलं जाणार, त्यांतली बरीच आमच्यासारख्या कॉलेजांतून जाणार. त्यांनी एमएस्सीत उणे इलेक्ट्रॉनला पूर्ण मार्क मिळवलेले असतील तर कोट्यवधींच्या यंत्रापुढे बसून ती काय वेगळं करतील?

सेमिस्टर पद्धतीत वेळ नाही, ही तक्रार मी रोज ऐकली, स्वतःही केली. युनिट संपवायचं, इंटरनल घ्यायची, प्रश्नपेढी वाटायची, तोवर परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असतं. पण वर केलेली चार जोड्यांची बेरीज एका तासिकेत होते. मी ती करून घेत असे. मुलं आकडा काढायची, उणे चिन्ह बघून आधी स्वतःला दोष द्यायची, मग शेजाऱ्याच्या वहीत डोकवायची, तिथेही उणेच. मग गलका व्हायचा. त्या गलक्यात जे कळतं ते पाठांतरात कळत नाही. आणि पेपरात 'रूल लिहा, दोन मार्क' असं विचारण्याऐवजी 'आलेलं उत्तर शक्य आहे का, नसेल तर कुठे बिनसलं?' असं विचारलं, तर पेपर तपासणाऱ्यालाही थोडं जागं राहावं लागेल. असा प्रश्न मी एकदा पाठवला होता. त्याची ठरावीक की होऊ शकत नाही म्हणून तो काढला गेला.

शिवाय उणे चिन्ह दर वेळी वाचवायला येईल, याचाही भरवसा नाही. इलेक्ट्रॉनांना ते येतं, कारण तिथे एका जागी एकच. प्रकाशाचे कण किंवा स्फटिकातल्या कंपनांचे फोनॉन यांना असं बंधन नाही. बोस यांच्या १९२४ च्या हिशेबाने एका ठिकाणी कितीही मावतात. तिथे 'आधी काढ, मग घाल' केलं की जितके असतील तितके, आणि 'आधी घाल, मग काढ' केलं की त्याहून एक जास्त. केटीइतक्याच ऊर्जेच्या फोनॉनसाठी पहिलं उत्तर ०.५८, दुसरं १.५८, आणि क्रम न सांगता केलेली बेरीज, व्याख्येतलं उणे चिन्ह काढल्यावर, १.०८. तिन्ही धन, तिन्ही दिसायला सभ्य. यातलं चुकीचं कुठलं ते आकड्याकडे बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काय विचारलंय हे माहीत असेल तरच कळेल.

त्यातला तो जादा एक नुसता कागदावरचा नाही. १९२७ साली डिरॅक यांनी दाखवलं की अणू प्रकाश शोषतो तो हजर फोटॉनांच्या प्रमाणात, पण सोडतो तो त्याहून एक जास्त धरून. म्हणून आजूबाजूला एकही फोटॉन नसताना अणू आपणहून उजळू शकतो. घरातला एलईडी याच एकावर चालतो. आणि या दोन क्रमांचं सगळ्यात स्वच्छ चित्र आपल्याच माणसाच्या नावावर आहे. रामन परिणामात पदार्थावर टाकलेला प्रकाश कंपनाला ऊर्जा देऊन थोडा लालीकडे सरकतो किंवा कंपनाकडून ऊर्जा घेऊन निळ्याकडे. पहिली ती स्टोक्स रेषा. तिथे फोनॉन घातला जातो, म्हणून तिची तीव्रता 'एक जास्त'च्या प्रमाणात. दुसरी अँटी-स्टोक्स, तिथे आधीपासून असलेला फोनॉन काढला जातो, म्हणून ती असतील तितक्यांच्याच प्रमाणात. पदार्थ थंड करत गेलं की दुसरी रेषा विझत जाते. पहिली उरते, ती त्या एकामुळे.

दर २८ फेब्रुवारीला आपल्या कॉलेजांत विज्ञान दिन होतो: रामन यांच्या फोटोला हार, विज्ञान रांगोळी, प्रमुख पाहुणे, चहा-बिस्किटं. हे सगळं राहू दे. त्याबरोबर ज्या विद्यापीठात रामन स्पेक्ट्रोमीटर आहे तिथे एमएस्सीच्या मुलांना एक दिवस बसवा आणि सिलिकॉनचा तुकडा लावा. त्याची रेषा ५२० वेव्हनंबरला, दोन्ही बाजूंना. प्रकाशाच्या फ्रीक्वेन्सीची आणि डिटेक्टरची दुरुस्ती करून घेतली की खोलीच्या तापमानाला स्टोक्स रेषा अँटी-स्टोक्सच्या साधारण बारा पट यायला हवी. नमुना ४०० केल्विनपर्यंत तापवला तर साडेसहा पट. लेसर जोरात ठेवला तर सिलिकॉन आपोआपच तापतं, त्यामुळे गुणोत्तरावरून उलटं तापमानही काढता येईल. अडचण एकच आहे. बऱ्याच यंत्रांत एज फिल्टर बसवलेला असतो आणि तो अँटी-स्टोक्सची बाजूच कापून टाकतो. नॉच फिल्टर असलेलं यंत्र कुठल्या विभागात आहे, ते आधीच शोधून तारीख मागून ठेवावी लागेल.